राजीनाम्याची थैली

बल्लारपूरच्या स्टेशनाबाहेर गाडीची वाट पाहत मी चहा घेत बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक वयस्क गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. कारखान्यात तीस वर्षे काढून घरी बसलेले. एका बातमीवर बोट ठेवून त्यांनी मला विचारले, "गुरुजी, हा साहेब आपल्या मर्जीनं नोकरी सोडून चालला, अन् कंपनी त्यालाच कोट्यवधी रुपये देते. असं कसं जी?"

मी जन्मभर मास्तरकी केलेला माणूस. कंपन्यांचा कारभार हा काही माझा विषय नव्हे. पण प्रश्न सरळ होता आणि मला त्याचे उत्तर येत नव्हते, याची थोडी लाज वाटली. म्हणून घरी येऊन जे वाचले, विचारले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी त्या गृहस्थांना काय मिळाले ते पाहू. कारखान्यात ज्याला ग्रॅच्युइटी म्हणतात आणि सरकारी कागदावर उपदान, तिचा नियम 1972 च्या कायद्याने घालून दिला. सलग पाच वर्षे नोकरी झाली असेल, तर भरलेल्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, आणि महिना सव्वीस दिवसांचा धरायचा. 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, तिनेही हेच सूत्र ठेवले आहे. मूळ पगार आणि महागाईभत्ता मिळून वीस हजार रुपये असलेला माणूस तीस वर्षांनी निघाला, तर त्याच्या हाती पडतात सुमारे 3 लाख 46 हजार. भविष्यनिर्वाह निधी वेगळा. पण तो त्याच्याच पगारातून आणि मालकाच्या वाट्यातून महिन्याच्या महिन्याला साठत आलेला असतो. आणि हाच माणूस मध्येच राजीनामा देऊन, ठरलेली नोटीस न देता निघून गेला, तर उलट त्याच्याच हिशेबातून नोटिशीचा पगार कापून घेतात. आपल्याकडची सर्वसाधारण समजूत अशी, की सोडून जाणाऱ्याने काही द्यावे लागते, घ्यायचे नसते.

आता दुसरे टोक पाहा. इन्फोसिस ही कंपनी 1981 साली पुण्यात सुरू झाली आणि पुढे बंगळूरला गेली. ऑक्टोबर 2015 मध्ये तिचे मुख्य वित्त अधिकारी राजीव बन्सल यांनी पद सोडले. जाताना त्यांना चोवीस महिन्यांच्या पगाराइतकी, म्हणजे 17 कोटी 38 लाख रुपयांची रक्कम कबूल झाली. वर मांडलेल्या हिशेबाने पाहिले तर तीस तीस वर्षे राबलेल्या पाचशे कामगारांचे हे उपदान! सुमारे पाच कोटी दिल्यावर कंपनीने पुढचे पैसे थांबवले. संस्थापक नारायण मूर्ती यांनी जाहीरपणे शंका काढली: एवढी रक्कम कशाबद्दल? एखाद्याने गप्प राहावे म्हणून तर नव्हे? कंपनीने चौकशी करवली, तीत काही गैर आढळले नाही असे सांगण्यात आले, आणि ते आपण खरे मानू. पण प्रकरण तिथे संपले नाही. बन्सल लवादाकडे गेले आणि सप्टेंबर 2018 मध्ये लवादाने उरलेले 12 कोटी 17 लाख रुपये व्याजासह देण्याचा निवाडा केला. करार म्हणजे करार! ही रक्कम ठरवताना कंपनीच्या संबंधित समित्यांची पूर्वसंमती घेतली नव्हती, असा सेबीचा आक्षेप होता. तो मिटवण्यासाठी 2019 मध्ये कंपनीने सुमारे 34 लाख रुपये भरले.

या गोष्टीत मला पैशाच्या आकड्यापेक्षा ही शेवटची बाब जास्त खटकते. रक्कम मोठी होतीच; पण ती ज्यांना विचारून ठरवायची, त्यांना आधी विचारलेच नाही असा आक्षेप यावा, हे अधिक वाईट.

तुम्ही म्हणाल, याला कायदा नाही काय? आहे, आणि तो जुना आहे. 1956 च्या कंपनी कायद्यात होता, 2013 च्या नव्या कायद्यातही 202 व्या कलमात आला. व्यवस्थापकीय संचालक, पूर्णवेळ संचालक किंवा मॅनेजर यांना पद गेल्याची भरपाई देता येते. पण ती उरलेल्या मुदतीच्या किंवा तीन वर्षांच्या, यांपैकी जे कमी असेल तेवढ्या मेहनतान्यापलीकडे जाता कामा नये. कंपनीची फेररचना वा विलीनीकरण यांखेरीज इतर कारणाने त्याने स्वतः राजीनामा दिला, तर ही भरपाई नाही. अफरातफर किंवा घोर हयगय केली असेल तरीही नाही. म्हणजे आमच्या बल्लारपूरच्या गृहस्थांचे आणि कायद्याचे मत एकच पडले! अडचण अशी, की हा नियम फक्त एवढ्या तीन पदांपुरता. त्यांच्या खालच्या पायरीवरचा मोठा अधिकारी त्यात येत नाही. त्याचे सारे करारावर चालते, आणि तो करार लिहिताना कामगार नसतो, भागधारक तर नसतोच नसतो.

बँकांच्या बाबतीत मात्र रिझर्व्ह बँकेने हात आवळला आहे. 2012 पासून खाजगी बँकांना तिचे सांगणे असे, की उपदान, पेन्शन यांसारखे साठत आलेले हक्क सोडून, कायद्याने भागच पडत नसेल तर, जाताना वेगळी रक्कम देऊ नये. दिलेला बोनस परत घेण्याची सोयही 2019 च्या नियमांत आहे. आयसीआयसीआय बँकेत तसे घडलेच. चंदा कोचर यांची मुदतपूर्व निवृत्तीची विनंती बँकेने ऑक्टोबर 2018 मध्ये मान्य केली. पण न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या चौकशीचा अहवाल आल्यावर जानेवारी 2019 मध्ये तीच निवृत्ती बडतर्फी मानायचे ठरवले. राहिलेले लाभ रद्द केले, एप्रिल 2009 पासूनचे बोनस परत मागितले. कोचर यांनी आरोप नाकारले आणि त्या न्यायालयात गेल्या. 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम दिलासा नाकारला.

आता दुसरी बाजूही ऐकून घेतली पाहिजे, नाहीतर मास्तरकीला बट्टा लागेल. वरच्या खुर्चीचा भरवसा नसतो. नवे मालक आले, मंडळाचे मन फिरले, की साहेब रस्त्यावर. जाण्याची काहीच सोय नसेल तर तो खुर्चीला चिकटून बसेल, आणि नालायक साहेब पाच वर्षे सांभाळण्यापेक्षा एका वर्षाचा पगार देऊन निरोप दिलेला स्वस्त पडतो. हे मला पटते. पण इथे साहेब काढलेला असतो. आपल्या पायांनी निघालेल्याला हे लागू कसे पडेल? कोणी म्हणतात, त्याने प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये म्हणून हे पैसे असतात. पण धंद्याला आडकाठी करणारा करार 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या 27 व्या कलमाने रद्दबातल ठरतो. नोकरी सुटल्यावर माणसाला असे बांधून ठेवणे आपली न्यायालये मान्य करत नाहीत. मग त्या अटीसाठी मोजलेले पैसे कंपनीला काय मिळवून देतात?

स्वित्झर्लंडात हा प्रश्न लोकांपुढेच गेला. नोव्हार्टिस या औषधकंपनीचे अध्यक्ष डॅनियल वासेला यांनी निघताना प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये म्हणून 7 कोटी 20 लाख फ्रँक कबूल झाले होते. गहजब झाला आणि त्यांनी ते सोडून दिले. पुढच्याच महिन्यात, 3 मार्च 2013 ला सार्वमत झाले. वरिष्ठांच्या पगारावर भागधारकांचे मत घ्यावे आणि निरोपाच्या थैल्या बंद कराव्यात, या बाजूने शेकडा 68 च्या जवळपास मते पडली.

सर्वांना विचारून पैशाचे ठरवायचे, ही रीत आमच्या जंगलात नवी नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पासबुक ग्रामसभेच्या हाती आले. आज गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकतात. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी. कोणी किती पुडे फळीवर आणले हे वहीत, आणि वही गावापुढे. सगळीकडे हिशेब चोख असतो असे मी म्हणणार नाही. कंत्राटदार पैसे थकवतो, भांडणेही होतात. पण भांडण होते ते सर्वांदेखत होते.

हे दूरच्या शहरांचे प्रकरण आहे, आपल्याला काय त्याचे, असे आता म्हणता येणार नाही. 1 जानेवारी 2025 ला चामोर्शी तालुक्यात कोनसरी येथे मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत लॉइड्स मेटल्सच्या कामगारांना कंपनीचे शेअर देण्याचा कार्यक्रम झाला. ज्याच्या नावावर एक शेअर आहे तो भागधारक. त्याला वार्षिक सभेची नोटीस येते, अहवाल येतो, संचालकांच्या नेमणुकीवर आणि मेहनतान्यावर मत देता येते. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीच्या अहवालात कायद्याने आणखी एक आकडा द्यावाच लागतो: प्रत्येक संचालकाचा मेहनताना मधल्या कर्मचाऱ्याच्या पगाराच्या किती पट आहे तो. मधला म्हणजे पगाराप्रमाणे सर्वांना रांगेत उभे केले तर बरोबर मध्यावर येणारा.

पुढे एकदा ते गृहस्थ पुन्हा भेटले तेव्हा मी हे सारे त्यांना सांगितले. कलमे त्यांनी शांतपणे ऐकली. त्या मधल्या माणसाचे नाव काढले तेव्हा मात्र ते सावरून बसले आणि म्हणाले, "म्हणजे साहेबाच्या पानावर आपलाबी आकडा असते म्हणा! कोणत्या पानावर असते जी तो?"

मी त्यांना अहवाल उघडून दाखवला. आकडा अगदी मागच्या पानांत, बारीक टाइपात होता. त्यांनी चष्मा पुसून घेतला.