माल दुसऱ्यांदा भरताना



नवं दुकान काढायचं म्हणून सल्ला विचारायला मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्याजवळ बहुधा दोन गोष्टी तयार असतात. दुकानाचं नाव आणि फर्निचरचं कोटेशन. मी विचारतो, उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी बँकेत किती उरतील? यावर पुष्कळदा उत्तरच येत नाही. आज मला बोलायचं आहे ते याच प्रश्नाबद्दल.

मी पहिलं किराणा दुकान १९८९ साली काढलं. घरची पुंजी आणि आईच्या पाटल्या गहाण ठेवून आलेली रक्कम, सगळं काचेच्या काउंटरात, सनमायकात आणि पहिल्या मालात घातलं. पहिले पंधरा दिवस दुकानात उभं राहायला जागा नव्हती. तेल, साखर, चहा भराभर खपलं. पण गल्ल्यात जमलेल्या पैशातून भाडं गेलं, घरखर्च गेला, आणि माल पुन्हा भरायच्या वेळी हातात काही राहिलं नाही. तिसऱ्या महिन्यात माझ्या फळ्यांवर न खपणाऱ्या वस्तूच तेवढ्या उरल्या होत्या. गिऱ्हाईक एकदा 'नाही' ऐकून घेतं, दुसऱ्यांदाही घेतं. तिसऱ्यांदा ते पुढच्या दुकानात जातं आणि महिन्याची यादी तिथेच देऊन येतं. दीड वर्षात मी शटर ओढलं. आईच्या पाटल्या सोडवायला पुढं चार वर्षं लागली.

म्हणून सांगतो, पैशाचे आधीच तीन वाटे करा. एक जागेचा आणि फर्निचरचा, दुसरा पहिल्या मालाचा. तिसरा वाटा माल दुसऱ्यांदा भरण्याचा आणि सहा महिन्यांच्या भाड्याचा. हा तिसरा वाटा वेगळ्या खात्यात ठेवा. पैसे कमी पडत असतील तर काउंटर लहान करा, लोखंडी अँगलचे रॅक लावा, पण त्या खात्याला हात लावू नका. मुद्रा योजनेचं कर्ज मिळतं, पण पहिला हप्ता कोणत्या महिन्यात सुरू होतो ते सहीच्या आधी विचारा.

आता थोडा हिशेब करू. तालुक्याच्या गावातलं एक किराणा दुकान धरा. भाडं १२ हजार, मदतनीस मुलगा १० हजार, लाइटबिल २ हजार, कर्जाचा हप्ता ६ हजार. महिन्याचे ३० हजार झाले. सुट्या आणि पॅकबंद मालात मिळून शंभर रुपयांच्या विक्रीमागे १२ रुपये सुटतात असं धरू. म्हणजे अडीच लाखांची विक्री झाली की फक्त खर्च निघतो. दुकान महिन्यात २५ दिवस उघडं राहिलं तर रोजची विक्री १० हजार. एक गिऱ्हाईक सरासरी २०० रुपयांचं घेत असेल, तर रोज पन्नास जण हवेत. घराला २० हजार हवे असतील तर ही संख्या ८३ होते. आता उधारी घ्या. हजार रुपयांची उधारी बुडाली की तुमच्या खरेदीचे ८८० रुपये गेले, आणि ते भरून काढायला आणखी सात हजारांहून जास्त माल विकावा लागतो. हे आकडे कुणाचं मन मोडायला सांगत नाही. ८३ हा आकडा मनात धरून तुम्ही गाळा बघायला गेलात, तर तुमची नजरच बदलते.

गाळ्यासमोर उभं राहून माणसं मोजा. बाजाराच्या दिवशी मोजा, एखाद्या साध्या मंगळवारी मोजा आणि महिनाअखेरीला मोजा. रस्त्यावर गर्दी दिसते म्हणून भुलू नका, पाय कुठं थांबतात ते बघा. एसटी स्टँडवरून घरी परतणारा माणूस कोणत्या बाजूनं चालतो? मधे दुभाजक आहे का? दोन दुचाक्या उभ्या करायला जागा आहे का? गाळा पश्चिमेला तोंड करून असेल तर दुपारनंतरचं ऊन थेट बिस्किटांवर आणि चॉकलेटवर येणार. शेजार कोणाचा आहे तेही बघा. पिठाच्या गिरणीशेजारचा गाळा मला फार आवडतो. डबा ठेवून नंबर येईपर्यंत माणूस वीस मिनिटं उभा असतो, आणि घरात काय संपलंय हे त्याला तिथंच आठवतं.

दुकान काढण्याआधी धंदा शिकून घ्या. मोठ्यांचं उदाहरण द्यायचं तर डीमार्टचं देतो. राधाकिशन दमाणी यांनी पहिलं डीमार्ट २००२ साली पवईत काढलं. त्याआधी त्यांनी नेरूळला अपना बाजारची फ्रँचायझी चालवून हा धंदा आतून बघितला होता. पुढं त्यांनी शक्यतो जागा विकत घेऊन दुकानं काढली. आपल्याला जागा विकत घेणं जमणार नाही, पण दुसऱ्याच्या काउंटरमागे तीन महिने उभं राहणं सगळ्यांना जमतं. काम शिकायला मिळावं म्हणून पगार कमी घ्यावा लागला तरी घ्या. घाऊक बाजारात कोण उधार देतो, कोणाची गाडी कोणत्या वारी येते, हे तिथंच कळतं.

जागा भाड्याची असेल तर करार लेखी आणि नोंदणीकृतच करा. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं करार नोंदवायची जबाबदारी मालकावर टाकली आहे. अकरा महिन्यांच्या करारावर लाखाचं फर्निचर करू नका. तीन वर्षं मागा आणि दरवर्षीची वाढ आत्ताच लिहून घ्या. बाकी कागद अवघड नाहीत. गुमास्त्याचं, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचं म्हणाल, तर २०१७च्या कायद्यानंतर लहान दुकानाला नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते. खाद्यपदार्थ विकणार असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना लागतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यायची. पाटी मराठीत, देवनागरीत, आणि इतर लिपीपेक्षा तिची अक्षरं लहान नकोत.

मुहूर्ताबद्दल बोललं पाहिजे. लक्ष्मीपूजनाला वहीपूजन करून दुकान उघडावं ही इच्छा मी समजू शकतो. पण किराण्याची दिवाळी तोवर होऊन गेलेली असते. रवा, मैदा, बेसन, तूप आधीच घराघरांत पोचलेलं असतं. दसऱ्याला उघडलंत तर मधे वीस दिवस मिळतात. गुढीपाडव्याला उघडलंत तर पुढं मिरची, हळद, पापडाचं पीठ आणि वर्षाचं धान्य भरायचे दिवस येतात. वह्या-पुस्तकांचं दुकान काढायचं असेल तर मेच्या अखेरीला माल लागलेला हवा. शाळा सुरू झाल्यावर उद्घाटन केलंत तर वर्षभर वाट बघावी लागते.

गेल्या वर्षी आमच्या पेठेत एका मुलीनं दुकान काढलं, गिरणीपासून चार पावलांवर. मी तिला एकच काम दिलं होतं. काउंटरवर एक शंभर पानी वही ठेवायची आणि कुणी मागितलेली वस्तू नसेल तर ती तिथंच लिहायची. महिन्यानं ती वही घेऊन माझ्या घरी आली. खपली गहू अकरा वेळा, वातीचा कापूस नऊ वेळा, बिनपॉलिशची तूरडाळ चौदा वेळा. एक ओळ होती, 'आजी, गुळाची छोटी ढेप, एक किलोची.' तिच्यापुढं सहा रेघा मारलेल्या होत्या. बँकेतल्या त्या वेगळ्या खात्यातून तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पैसे काढले, वही पिशवीत घातली आणि दुपारच्या एसटीनं घाऊक बाजाराला गेली.