सडपातळ शरीर आणि शेवटची पंगत

(पुण्यातील एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



मी वैद्य नव्हे. कलाशाखेचा पदवीधर आणि पोटापाण्याने पत्रकार. आहारविषयक बातम्यांचा पूर माझ्या टेबलावरून रोज वाहतो. सोमवारी तूप अमृत ठरते, गुरुवारी विष! या गदारोळात टिकाऊ ज्ञान कोठे सापडेल, असा शोध घेऊ लागल्यास फार दूर जावे लागत नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील संशोधनाकडे आधी पाहावे.

'लॅन्सेट' या प्रख्यात ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली एक छोटेखानी लेख प्रसिद्ध झाला. सोबत दोन सद्गृहस्थांचे छायाचित्र होते. एक पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा 'बॉडी मास इंडेक्स' दोघांचाही तंतोतंत सारखा, २२.३. मात्र शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्या देहात ती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के निघाली. वजनकाट्याने दोघांना एकाच मापात तोलले होते. भेद होता तो आत.

आपल्याकडे सडपातळ माणसाला निरोगी समजण्याची पद्धत आहे. 'आमच्या ह्यांना काही होणार नाही, अंगावर मांसच नाही,' असे कौतुकाने सांगणाऱ्या गृहिणी आपण ऐकल्या आहेत. त्या बोलण्यातच दुखणे दडले आहे. अंगावर मांस नाही म्हणजे स्नायू कमी. रक्तातील साखरेचा मोठा वाटा स्नायूच वापरतात. ते कमी आणि पोटाच्या आत चरबी अधिक, अशी आपली सर्वसाधारण भारतीय ठेवण. म्हणून आपल्याकडे काट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक खरे बोलते. पुरुषाचा कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे तज्ज्ञ सांगतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख होती, आणि टक्केवारीत सर्वांत पुढे होता आपला शेजारी गोवा, २६.४ टक्के. हे सारे लठ्ठ लोक आहेत काय? आपल्याच आप्तेष्टांकडे पाहा.

ही ठेवण येते कोठून? याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवतींचा अभ्यास आरंभला. शेतात राबणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या या माउलींचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन जेमतेम ४२ किलो होते. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली, तेव्हा आपली बाळे बरीच लहान भरली; स्नायू कमी, इंद्रियांची वाढ कमी. एकच गोष्ट बऱ्याच अंशी राखलेली आढळली, ती म्हणजे कातडीखालची चरबी. म्हणजे चाळिशीत उद्भवणाऱ्या व्याधीची पूर्वतयारी जन्मापूर्वीच झालेली! याच अभ्यासात असेही दिसले, की ज्या मातांच्या जेवणात गर्भारपणी पालेभाजी, फळे आणि दूध अधिक वेळा होते, त्यांची बाळे अधिक वजनाची निपजली. नुसता भाकरीचा ढीग वाढवून ते साधत नव्हते.

आता आपल्या मध्यमवर्गीय ताटाकडे येऊ. त्याच परिषदेचा आणखी एक अहवाल २०२५ साली प्रसिद्ध झाला. लाखाहून अधिक प्रौढांच्या आहाराच्या या पाहणीत आढळले, की भारतीय माणूस सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय आणि शर्करायुक्त पदार्थांतून घेतो. प्रथिनांचा वाटा सुमारे १२ टक्के. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांच्या आत ठेवण्यास सांगितले आहे. अहवालातील दुसरा निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पांढरा भात सोडून तेवढीच गव्हाची पोळी किंवा तेवढीच भरडधान्याची भाकरी खाल्ली, तर मधुमेहाचा धोका घटल्याचे दिसले नाही. एकूण पिष्ट कमी करून त्या जागी डाळी-कडधान्ये किंवा दूधदुभत्याची प्रथिने आली, तेथे मात्र तो कमी आढळला.

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी, भारताच्याच प्रस्तावावरून, भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. ज्वारी-बाजरीला प्रतिष्ठा मिळाली, कोरडवाहू शेतकऱ्याचे नाव झाले, याचा मनापासून आनंद आहे. ज्वारीत तंतू आहेत, तिला पाणी कमी लागते. तरीही चार पोळ्यांच्या जागी चार भाकऱ्या आणि सोबत जिच्यात डाळ शोधावी लागते अशी आमटी, एवढ्याने कार्य होत नाही. दोन भाकऱ्या कमी करून वाटीभर मटकीची उसळ आणि घट्ट वरण यांना जागा द्यावी लागते. उपवासाची साबुदाण्याची खिचडी हा तर जवळजवळ निव्वळ पिष्टाचा सोहळा; 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्या पूर्वजांनीच करून ठेवली आहे. आणि प्रथिने म्हटल्यावर तरुण मंडळी ज्या महागड्या डब्यांमागे धावतात, ते टाळण्याचाच सल्ला पोषण संस्थेने दिला आहे.

व्यायामाविषयी थोडक्यात. फिरणे उत्तमच, परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायामही सांगितला आहे. जोर-बैठका यांना आपण जुनाट ठरवले, हे काही बरे झाले नाही.

शाकाहारी कुटुंबांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. बी-१२ हे जीवनसत्त्व भाजी-भाकरीतून मिळत नाही. शाकाहारात ते मुख्यतः दूध, दही, ताक यांतूनच येते. पुण्याच्या त्या गावांतील सुमारे दोन तृतीयांश गर्भवतींत ते कमी होते. शाकाहाराचा अभिमान जरूर बाळगावा, पण घरातले दूध कोणाच्या पेल्यात जाते? चहा पुरुषांना, पेला मुलाला, साय पाहुण्यांना. सर्वांची पाने उठल्यावर जी बसते, तिच्या वाट्याला उरलेला भात आणि आमटीचे पाणी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. मातृशक्तीवर आपण सभांतून पुष्कळ बोलतो. हा आकडा त्या सभांतही वाचून दाखवावा.

गर्भ राहिल्यावर धावपळ करून उशीर होतो, हे ओळखून याज्ञिकांच्या गटाने २०१२ साली पुढचे पाऊल उचलले. १९९३ नंतर त्या सहा गावांत जन्मलेली बाळे एव्हाना कुमारवयात आली होती. त्यांच्यातील मुला-मुलींचे गट करून काहींना बी-१२ ची पूरक मात्रा सुरू करण्यात आली, लग्नाच्याही आधीपासून. ज्यांचे वजन आईच्या कुशीत येताच टिपले गेले होते, त्याच मुलींच्या बाळांची वजने पुढे त्या नोंदवह्यांत चढू लागली.