वाटणीच्या यादीतली माणसे

(पेडगाव, जि. परभणी येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पाथरी म्हटले की अलीकडे साईबाबांच्या जन्मस्थानाचा वाद आठवतो. पेडगावहून मानवतच्या पुढे असलेल्या या गावावरून पाचशे वर्षांपूर्वी दोन सुलतानांचीही जुंपली होती आणि तेव्हाही प्रश्न मूळ गावाचाच होता. फरक एवढाच, की ज्याचे मूळ गाव म्हणून पाथरी मागितली जात होती, तो लहानपणी गुलाम म्हणून पकडला गेलेला एक मुलगा होता.

ही हकिगत फेरिश्ताने लिहून ठेवली आहे. हा इतिहासकार अहमदनगरात वाढला आणि सतराव्या शतकाच्या आरंभी विजापूरच्या दरबारात बसून त्याने दख्खनचा इतिहास लिहिला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे पाथरीच्या कुलकर्ण्यांचे एक घर विजयनगरच्या मुलखात जाऊन राहिले होते. त्या घरातला तिमाप्पा हा पोरगा अहमदशहा बहमनीच्या फौजेच्या हाती लागला, मुसलमान झाला, मलिक हसन या नावाने शाहजाद्याच्या सोबतीला राहून शिकला आणि वर चढत बहमनी राज्याचा मलिक नायब झाला. बहमनी वजीर महमूद गावानला १४८१ साली ज्या कारस्थानाने मारले, त्यात याचाच हात मानला जातो. १४८६ मध्ये तोही मारला गेला. त्याचा मुलगा मलिक अहमद १४९० मध्ये स्वतंत्र झाला. तीच अहमदनगरची निजामशाही.

नातू बुऱ्हाण निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरी मागितली. पूर्वजांचे गाव आहे, ते द्या, बदल्यात दुसरा मुलूख घ्या, असा सौदा होता. इमादशहाने नकार दिला. १५१८ मध्ये बुऱ्हाणने पाथरी लढून घेतली आणि पुढे ती आपल्या ब्राह्मण नातलगांना इनाम करून दिली, असे फेरिश्ता सांगतो. गंमत अशी, की नकार देणारी इमादशाहीसुद्धा विजयनगरच्या मोहिमेत पकडलेल्या एका पोराने, फतहुल्लाने, उभी केली होती. पाथरीसाठी भांडणारी दोन्ही राजघराणी गुलामांच्या वंशातली होती.

फेरिश्तावर डोळे झाकून विश्वास ठेवायचे कारण नाही. तिमाप्पा पकडला गेला त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी तो लिहीत होता. राजघराण्याला उच्च जातीचे मूळ चिकटवून देणे हा दरबारी लेखकांचा जुना उद्योग आहे, आणि चढाईला सबब म्हणून ‘पूर्वजांचे गाव’ फार सोयीचे पडते. पण ही हकिगत टिकली कशी, हे पाहण्यासारखे आहे. ती टिकली, कारण गुलाम राजा झाला. त्याच मोहिमांत पकडलेल्या आणि राजा न झालेल्या पोरांचे मूळ गाव कोणी लिहून ठेवले नाही.

पुढे याच निजामशाहीच्या सरदारांकडे विकत घेतलेले हबशी मोठ्या संख्येने होते. मुर्तझा निजामशहाचा पेशवा चंगीझखान याच्याकडे असे सुमारे हजार जण असल्याचे सांगतात. त्यातला एक इथिओपियात चापू नावाने जन्मला, बाजारातून बाजारात विकला गेला, आणि बगदादच्या एका मालकाने त्याचे नाव अंबर ठेवले. चंगीझखान वारल्यावर त्याच्या विधवेने त्याला मुक्त केले, असे इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी नोंदवले आहे. तोच मलिक अंबर. खडकी म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर त्याने वसवले, १६२६ मध्ये तो वारला आणि खुलताबादला त्याची कबर आहे.

अंबरच्या आयुष्याला वळण मिळाले ते मालक मेल्यावर, हे येथे ध्यानात घ्यायचे. गुलाम बाळगणाऱ्या घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांनी जगभर हीच जागा पकडली आहे. मालक जिवंत असतो तोवर घरातल्या गुलामांची नावे कागदावर येण्याचे फारसे कारण नसते. तो मेला की वारस येतात, सावकार येतात, मोजदाद होते. मग घोडे, तांब्याची भांडी, पलंग यांच्या रांगेत माणसे लिहिली जातात.

अमेरिकेत तर हा शोध बराचसा मृत्युपत्रांवर उभा आहे. १८५० आणि १८६० च्या तिथल्या शिरगणतीत गुलामांच्या वेगळ्या याद्या केल्या, पण त्यांत मालकाचे नाव आणि खाली वय, लिंग, रंग एवढेच. गुलामांची नावे बहुतेक ठिकाणी नाहीतच. मुक्त झालेल्या सगळ्यांची नावे शिरगणतीत आली ती १८७० साली. त्याआधी आजीची आई शोधायची तर मालकाचे घराणे आधी शोधावे लागते, मग त्या परगण्याच्या कोर्टातली मृत्युपत्रे आणि मालमत्तेच्या याद्या चाळाव्या लागतात. त्या याद्यांत तान्हे मूल आईबरोबर लिहिलेले सापडते, म्हणून आई कोण ते कळते. थकलेल्या म्हातारीपुढे किंमत म्हणून शून्य घातलेले असते. काही मृत्युपत्रांत तर एखादी स्त्री मुलीला देताना तिला पुढे होणारी मुलेही देऊन टाकलेली आहेत. मुली लग्न होऊन जात, त्यांच्याबरोबर आंदण म्हणून गुलाम जात आणि तिथून पुढे ते वेगळ्याच आडनावाखाली सापडतात. म्हणून जाणते संशोधक मुलांइतकाच जावयांचा माग काढतात.

जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरात हे गणित किती निर्दय होते ते दिसते. त्याच्या बायकोचा, मार्थाचा, पहिला नवरा डॅनियल पार्क कस्टिस १७५७ मध्ये मृत्युपत्र न करता वारला. व्हर्जिनियाच्या कायद्याप्रमाणे विधवेला इस्टेटीच्या तिसऱ्या हिश्श्याचा हयातीपुरता उपभोग मिळाला. त्या हिश्श्यात माणसेही होती. दोन वर्षांनी तिने वॉशिंग्टनशी लग्न केले आणि त्यांतली काही माणसे त्याच्या माउंट व्हर्नन मळ्यावर आली. वॉशिंग्टनने १७९९ मध्ये मृत्युपत्र केले तेव्हा तिथे ३१७ गुलाम होते. त्यांतले १२३ त्याचे स्वतःचे, १५३ कस्टिस इस्टेटीचे आणि उरलेले चाळीसेक भाड्याने घेतलेले.

आपल्या १२३ जणांना मार्थाच्या मृत्यूनंतर मुक्त करावे, असे त्याने लिहिले. विल्यम ली या चाकराला मात्र लगेच मुक्ती आणि वर्षाला तीस डॉलर दिले. मार्थाने वाट न पाहता १ जानेवारी १८०१ रोजीच त्या सगळ्यांना सोडले. कस्टिस इस्टेटीच्या १५३ जणांना सोडण्याचा अधिकार नवऱ्याला नव्हता आणि बायकोलाही नव्हता. वर्षानुवर्षे एकाच मळ्यावर राहिल्याने दोन्हीकडच्या माणसांची लग्ने झाली होती. नवरा मुक्त आणि बायको इस्टेटीची, अशी घरे तयार झाली. १८०२ मध्ये मार्था वारली आणि तो हिस्सा चार नातवंडांत वाटला गेला. वॉशिंग्टनचे औदार्य मुलांच्या पुस्तकात येते. कस्टिसने मृत्युपत्र केले नाही, ही गोष्ट फारशी कोणाच्या कानावर नसते. त्या दीडशे माणसांच्या दृष्टीने मात्र तीच निर्णायक होती.

ब्रिटनने दुसरी एक सोय करून ठेवली, अर्थात नकळत. १८३३ च्या कायद्याने वसाहतींतली गुलामगिरी रद्द करताना भरपाई म्हणून दोन कोटी पौंड दिले. ते गुलामांना नव्हे, मालकांना. त्या पैशासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा अवशेष सरकारने २०१५ मध्ये फेडला. पैसे हवे तर अर्ज करावा लागे आणि अर्जात किती गुलाम आहेत ते लिहावे लागे. अशा सुमारे ४६ हजार दावेदारांची नोंद लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २००९ पासून संगणकावर मांडली. पाद्री, विधवा, खासदार, बँकवाले असे सगळे त्यात सापडले.

त्या कायद्यातून कंपनी सरकारचा हिंदुस्थानातला मुलूख वगळला होता. इथे १८४३ चा पाचवा कायदा आला. त्याने कोर्टांना एवढेच सांगितले, की गुलामावरचा मालकी हक्क मानू नका. कोणाला भरपाई नाही, म्हणून अर्ज नाहीत आणि अर्ज नाहीत म्हणून मालकांची यादीही नाही. परभणी तर हैदराबादच्या निजामाच्या राज्यात, तेथे कंपनीचा कायदा लागूच नव्हता. परिणाम असा, की आपल्याकडे गुलाम नव्हतेच असे म्हणायची मोकळीक राहिली. वेड पांघरून पेडगावला जाणे म्हणतात ते हे. म्हणीतले पेडगाव भीमेकाठचे असल्याचे सांगतात, तेव्हा येथील मंडळींनी राग मानू नये!

गुलाम नव्हतेच असे म्हणताना हटकून शिवाजी महाराजांचा दाखला दिला जातो. तो खरा आहे. १६७७ मध्ये डचांना दिलेल्या कौलात महाराजांनी आपल्या मुलखात गुलामांची खरेदी-विक्री करण्यास मनाई केली. पण त्यानंतरच्या शंभर वर्षांची जबाबदारी त्या कौलावर टाकता येत नाही. पेशवाईत कुणबिणी आणि बटकी, म्हणजे गुलाम स्त्रिया, सरकारच्या वाड्यांत, कोठीत, पागेत, किल्ल्यांवर राबत होत्या. काही व्यापाऱ्यांकडून विकत घेतलेल्या, काही दुष्काळात विकल्या गेलेल्या, तर काहींना बदअंमलाचा म्हणजे व्यभिचाराचा आरोप ठेवून सरकारजमा केलेले. बदली माणूस दिला किंवा पैसे भरले तर सुटका होई. हे सगळे गणेश चिमणाजी वाड यांनी पेशवे दफ्तरातून निवडलेल्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीस छापल्या गेलेल्या रोजनिशींमध्ये वाचायला मिळते. सुमित गुहा यांनी अठराव्या शतकातल्या पश्चिम भारतातील गुलामीवर लिहिलेला निबंध अशाच कागदांच्या आधाराने उभा आहे.

मृत्युपत्र मात्र आपल्याकडे अपवादाने मिळते. थोरल्या माधवराव पेशव्यांनी १७७२ मध्ये मरणापूर्वी करून ठेवलेली कलमवार याद प्रसिद्ध आहे, पण तिचा मुख्य घोर कर्ज फेडण्याचा. एकत्र कुटुंबात बाप गेला तरी मालमत्ता घरातच राहते, मृत्युपत्राची गरज काय? हिंदूंच्या मृत्युपत्रांसाठी कायदा झाला तो १८७० मध्ये, आणि तोही आरंभी बंगाल आणि मुंबई-मद्रास शहरांपुरता. म्हणून मराठी घराण्यांत मृत्युपत्राच्या जागी वाटणीपत्र धरावे लागते. भाऊ विभक्त झाले की गुरे, भांडी, वतनाचा हिस्सा यांच्या याद्या होतात. त्याच्या जोडीला घरखर्चाची कीर्द, बक्षीसपत्र, खरेदीखत. मालकाचे नाव, गाव, वतन सगळे तपशिलाने असते. कुणबिणीचे नुसते नाव.

तिच्या मुलांचे काय झाले, हे विचारले की पुढची पायरी येते. घरात वाढलेले हे लेकवळे पुढे वारसाच्या खटल्यांत दिसू लागतात. दासीपुत्राला शूद्र बापाच्या मालमत्तेत हिस्सा असल्याचे मिताक्षरा हा जुना कायदेग्रंथ सांगतो. गुलामी संपल्यावर हा हक्क कोणत्या मुलाला द्यायचा, हा प्रश्न मुंबई हायकोर्टापुढे १८७५ च्या राही विरुद्ध गोविंद या गाजलेल्या खटल्यात आला. असे खटले वकील हक्कासाठी वाचतात. इतिहासकारांनी ते घरासाठी वाचायला हवेत, कारण घरात कोण कोणाबरोबर राहत होते हे साक्षीदार शपथेवर सांगतात.

गोव्यात स्थिती बरी. पोर्तुगीज कायद्यामुळे मृत्यूनंतर मालमत्तेची यादी करण्याची पद्धत तिथे मुरलेली आहे आणि पणजीच्या पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ पासूनची. जेनेट पिंटो यांनी पोर्तुगीज अमलाखालच्या गुलामीवर १९९२ मध्ये स्वतंत्र ग्रंथच दिला. इंग्रजांच्या हिंदुस्थानातल्या मृत्युपत्रांवरून दुर्बा घोष आणि मार्गो फिन यांनी साहेबांच्या घरातले गुलाम आणि ठेवलेल्या स्त्रिया उजेडात आणल्या. परदेशी साहेबाच्या घरात शिरायला सगळ्यांनाच आवडते. देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यात शिरताना पाय अडखळतो, आणि घराण्यांचे इतिहास तर सहसा घराण्यातलेच लोक लिहितात.

परभणी जिल्ह्यातल्या जुन्या वाड्यांत मोडी, फारसी आणि उर्दू कागदांची बोचकी अजून आहेत. वाडा पाडायच्या वेळी ती रद्दीत जातात. ज्यांच्याकडे ती असतील त्यांनी मोडी वाचणाऱ्या माणसाला एकदा बोलवावे. नुसती वतनाची सनद शोधून थांबू नये. वाटणीपत्र निघाले तर भांड्यांची आणि गुरांची यादीसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घ्यावी, आणि त्यात माणसाचे नाव आले तर ते खोडू नये, झाकू नये, उतरवून घ्यावे.