चार तारा आणि तीन महिन्यांची साखर

 मिरजेतल्या या मधुमेह परिषदेचे प्रस्तुत स्वागताध्यक्ष ना डॉक्टर, ना वैद्य. पेशाने व्यापारी आणि जुने मधुमेही. एवढ्या पात्रतेवर त्यांना ही खुर्ची मिळाली.

मिरजेला डॉक्टरांचे अप्रूप नाही. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये इथे रुग्णालय उभारले. मात्र गावाने अधिक आठवावे असे नाव डॉ. भडभडे यांचे. फटाक्यांनी डोळे जायबंदी झालेला कुरुंदवाडचा मुलगा त्यांच्या उपचाराखाली होता. दृष्टी सुधारेना, तेव्हा त्याला गाणे शिकवावे, असे त्यांनी सुचवले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी त्याला शिष्य केले आणि देशाला विष्णु दिगंबर पलुस्कर मिळाले. मधुमेहाशी याचा संबंध नाही. पण मिरजेत बोलायचे आणि हे सांगायचे नाही, हे स्वागताध्यक्षांना जमणारे नाही.

पाहुण्यांनी सतारमेकर गल्लीत जरूर जावे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे तिथे तंबोरे होतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. चार तारांची सरासरी काढून तंबोरा लागत नाही. परिषदेच्या विषयाशी धागा जुळतो तो इथेच.

‘तीन महिन्यांची साखर’ म्हणजे एचबीएवनसी, तीही सरासरीच. 7 टक्के म्हणजे सरासरी साखर अंदाजे 154 मिग्रॅ/डेसिलीटर. पण एकाची साखर दिवसभर त्याच्या आसपास राहते, दुसऱ्याची पहाटे 60 आणि जेवणानंतर 250 होते. रिपोर्टवर दोघेही सारखेच दिसू शकतात. शिवाय ही साखर ज्यांवरून मोजतात त्या तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात, हे चाचणीने गृहीत धरलेले. लोह कमी पडले की आकडा फुगू शकतो, रक्तस्रावानंतर उतरू शकतो. सिकलसेलच्या रुग्णांत तर त्यावर विसंबताच येत नाही. म्हणून बोट टोचून घरी केलेल्या नोंदींची वहीही डॉक्टरांनी पाहावी, अशी एका रुग्णाची विनंती.

आता क्षमायाचना. 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी पाठवणाऱ्या या गावात काल काही पाहुण्यांना आंघोळीला गरम पाणी मिळाले नाही. स्टेशनवर गाडी उशिरा पोहोचली. दुपारच्या ताटात श्रीखंड आहे. त्याचा दोष आचाऱ्याचा नाही, स्वागत समितीचा.   उद्घाटकांनी दीपप्रज्वलन करावे, ही विनंती.