आधी वाक्य पुरते वाच



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते आम्हांला आठवीत व्याकरण शिकवीत. एकदा फळ्यावर ‘निदान’ हा शब्द लिहून त्यांनी त्याची जात विचारली. मी घाईने ‘नाम’ म्हणालो. गुरुजींनी वाक्य पूर्ण केले : ‘निदान उद्या तरी ये.’ शब्द अव्यय ठरला. ‘आधी वाक्य पुरते वाच,’ एवढेच ते म्हणाले. या वचनाचा अर्थ मला सत्तरी ओलांडल्यावर रुग्णशय्येवर कळला.

तीन वर्षांपूर्वी मला कावीळ झाली. पोट दुखत नव्हते. परंतु अंगाला कंड सुटे आणि वजन घटत होते. तपासणीत स्वादुपिंडाच्या शीर्षभागी गाठ दिसली. या वयात अशी लक्षणे दिसली की कर्करोगाचाच संशय प्रथम येतो, आणि बहुधा तो खराही ठरतो. शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. मी मृत्युपत्र लिहून ठेवले.

तेवढ्यात एका तरुण डॉक्टरबाईंनी माझ्या जबड्याखाली बोटे फिरवून विचारले, ‘सर, ही सूज कधीपासून?’ सूज दोन्ही बाजूंना, वर्षभराची होती. दुखत नसल्याने मी ती कोणास सांगितलीच नव्हती. तिथून माझे वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचले गेले.

या विकाराचा संबंध ‘आयजीजी-४’ नावाच्या प्रतिपिंडाशी आहे. शरीराची संरक्षक यंत्रणाच अवयवांत दाह उत्पन्न करते. अवयव सुजतो, तंतुमय होतो आणि गाठीचे रूप घेतो. जपानी संशोधकांनी १९९५ साली स्वादुपिंडाच्या अशा दाहाला ‘ऑटोइम्यून पॅन्क्रिएटायटिस’ हे नाव दिले, २००१ मध्ये रुग्णांच्या रक्तात हे प्रतिपिंड वाढलेले दाखविले, आणि २००३ मध्ये हा अनेक अवयवांना व्यापणारा एकच विकार असल्याचे मांडले. लाळग्रंथी त्यांपैकीच एक.

तथापि रक्ताचा एक आकडा म्हणजे निर्णय नव्हे. तो काही कर्करोगांतही वाढतो, आणि या विकारात कधी वाढतही नाही. म्हणून सुईने गाठीचा तुकडा काढून तपासला. कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत. आयजीजी-४ असलेल्या प्लाझ्मा पेशींची दाटी आणि चाकाच्या आऱ्यांसारखे पसरलेले तंतू आढळले. मगच स्टेरॉइड सुरू झाले. तपासणीआधीच ते दिले असते, तर चित्र पुसट झाले असते. आणि कर्करोग असता, तर मोलाचा काळ गेला असता. सुईतून कर्करोग निसटूही शकतो, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा छायाचित्र काढले. सूज ओसरली होती. शस्त्रक्रिया टळली.

हा विकार उलटू शकतो. म्हणून मी आजही नियमित तपासणीस जातो. प्रत्येक गाठ निरुपद्रवी असते, असे मी मुळीच सुचवीत नाही. संशय कर्करोगाचाच धरावा. पण निर्णय पुराव्यानंतर द्यावा. यात रुग्णाचेही कर्तव्य आहे. क्षुल्लक वाटणारी सूजही वैद्यास सांगावी. अर्धे वाक्य आपणच दडविले, तर त्याने ते पुरते कसे वाचावे? गुरुजींच्या स्मृतीस वंदन करताना, निदान एवढे तरी मी आपणांपाशी मागतो.