चौदा गुण दोघांचे, पुढे गेला एक



आरती झाली आहे आणि प्रसाद अजून वाटायचा आहे, अशा वेळी माइक हातात येणं म्हणजे श्रोत्यांचं अर्धं लक्ष मोदकांकडे असणार हे आम्ही गृहीत धरून चाललो आहोत. कार्यकारिणीने विषय दिला होता 'खेळ आणि समाज'. तो विषय आमच्या आवाक्याबाहेरचा. म्हणून आम्ही चार-पाच जण दर हिवाळ्यात चहाच्या टपरीवर ज्यावरून भांडतो, तेवढंच आज इथे आणलं आहे. रणजी करंडकात कोणता संघ मोठा हे ठरवायचं कसं, आणि पुढच्या फेरीचं दार कोणासाठी उघडायचं, हा आमचा वाद.

बालाघाटच्या मराठी माणसाला हा वाद दुप्पट लागतो, कारण आमचे संघ दोन. पगार भोपाळचा, सोयरीक नागपूर-भंडारा-गोंदियाची. १९५६ पर्यंत नागपूर हीच आपली राजधानी होती. १ नोव्हेंबरला ती सुटली आणि आजोळ परराज्यात गेलं. पुढच्याच वर्षी, १९५७-५८ च्या हंगामात, विदर्भाचा संघ रणजीत उतरला. तेव्हापासून घराघरांत फूट आहे. आमच्यातला एक पक्का विदर्भवाला, दोघे मध्य प्रदेशवाले, आणि एक जण जो जिंकेल त्याचा.

आता मूळ गोष्टीकडे येतो. २०२२ च्या जूनमध्ये बंगळुरूला मध्य प्रदेशने मुंबईला ६ गडी राखून हरवलं आणि पहिल्यांदा रणजी करंडक आणला. यश दुबे, शुभम शर्मा, रजत पाटीदार, तिघांची शतकं. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. आपण सर्वांनी पेढे खाल्ले. पण तो संघ बाद फेरीत पोहोचला कसा, हे पेढे खाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होतं. आम्हालाही नव्हतं. आमच्या विदर्भवाल्या मित्रानेच ते खवचटपणे काढलं.

कोरोनामुळे त्याआधीचा हंगाम झालाच नव्हता. २०२१-२२ चा झाला तोही आटोपशीर. वरच्या दर्जाचे आठ गट, प्रत्येकात चार संघ, म्हणजे प्रत्येकाला सामने तीनच, आणि गटातून पुढे फक्त एक. आमच्या गटात मध्य प्रदेश, केरळ, गुजरात आणि मेघालय. निर्णायक विजयाला ६ गुण, डावाने किंवा दहा गडी राखून जिंकलात तर वर १ बोनस. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला ३, दुसऱ्याला १. दोघांचे पहिले डाव पुरे झालेच नाहीत तर दोघांना एकेक.

मध्य प्रदेशने गुजरातला १०६ धावांनी हरवलं आणि मेघालयला एक डाव ३०१ धावांनी. केरळने मेघालयला एक डाव १६६ धावांनी हरवलं आणि गुजरातला ८ गडी राखून. दोघांचे तेरा-तेरा गुण. शेवटचा सामना राजकोटला एकमेकांशीच. आपण ५८५ वर ९ बाद अशी धावसंख्या उभारून डाव सोडला, यश दुबेच्या एकट्याच्या २८९. केरळ ४३२ वर ९ बाद, आणि वेळ संपली. एक गडी पडला असता तर आघाडी आपली आणि कटकटच मिटली असती. तो पडला नाही. दोघांना एकेक गुण. चौदा आणि चौदा.

मग काढतात कोशंट. गणित सोपं आहे, पण टपरीवर ते चौघांनी चार प्रकारे केलं, म्हणून सांगतो. आपल्या संघाने एका गड्यामागे किती धावा काढल्या, त्याला समोरच्यांना एका गड्यामागे किती दिल्या याने भागायचं. मध्य प्रदेशने गड्यामागे सुमारे ४६ काढल्या आणि २१ दिल्या. केरळने ५३ काढल्या आणि ३२ दिल्या. म्हणजे फलंदाजी त्यांची भारी, गोलंदाजी आपली. भागाकार आपला २ च्या वर, त्यांचा १.६५ च्या आसपास. आपण पुढे, केरळ घरी.

इथे आमचा मित्र म्हणाला, "अरे, गुजरातविरुद्ध तुम्ही पहिल्या डावात मागे होता. केरळने त्याच गुजरातला शेवटच्या डावात २१४ करून दोनच गडी गमावून हरवलं. आणि तुमचा भागाकार फुगला कशाने? मेघालयला ६१ आणि १३७ मध्ये गुंडाळलं म्हणून. दुबळ्याला जास्त मारलं, त्याचं बक्षीस मिळालं."

आम्ही खूप शोधलं, पण याला चोख उत्तर सापडलं नाही. एवढंच म्हणता आलं की केरळनेही त्याच मेघालयाशी खेळून बोनस घेतला होता, आणि आपल्या गोलंदाजांनी गुजरातलाही दुसऱ्या डावात शंभरी गाठू दिली नव्हती.

खरी बोच पुढे आहे. आठ गटविजेत्यांपैकी सर्वांत खालच्या झारखंडला प्लेट गटातल्या नागालँडशी उपउपांत्यपूर्व सामना खेळायचा होता. झारखंडचे गुण १२, साखळीत एक पराभव. केरळ १४ गुणांचा, एकही पराभव नसलेला, पण घरी. कारण गट वेगळा. आणि त्या सामन्यात काय झालं? झारखंडने पहिल्या डावात ८८० केल्या, नागालँडला २८९ वर बाद केलं, आणि फॉलोऑन न देता पुन्हा फलंदाजीला उतरले. आघाडी १००८ झाली तेव्हा सामना थांबला. आघाडी पुरेशी होती, जिंकायची गरजच नव्हती. ते धावफलक पाहताना आम्हा मध्य प्रदेशवाल्यांनाही केरळची कणव आली, हे या मंडपात कबूल करतो. पुढच्या हंगामात मंडळाने आठ-आठ संघांचे चार गट केले आणि प्रत्येकातून दोन पुढे नेले. म्हणजे चूक त्यांनाही दिसली असावी, असं आमचं मत.

आता जरा लांब जातो. आमच्यातल्या एकाचा भाचा अमेरिकेत शिकतो. तिथे कॉलेजांचं फुटबॉल म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट. संघ शंभराच्या वर, आणि प्रत्येक जण हंगामात बारा-तेरा सामनेच खेळतो, त्यामुळे सगळ्यांची गाठ पडणं अशक्य. म्हणून १३ जणांची समिती बसून क्रमवारी लावते. हंगामानंतरच्या मोठ्या सामन्यांना ते बाउल म्हणतात, नावं संत्र्याची, साखरेची, कापसाची, गुलाबाची. आमच्या विदर्भवाल्याला संत्रं आणि कापूस ऐकून फार बरं वाटलं. २०२३ पर्यंत अजिंक्यपदासाठी समिती चारच संघ निवडायची. त्या डिसेंबरात फ्लोरिडा स्टेटचा संघ तेराच्या तेरा सामने जिंकून आला होता आणि त्याला वगळलं. एक पराभव असलेल्या अलाबामाला घेतलं. कारण काय, तर फ्लोरिडाचा मुख्य खेळाडू जखमी झाला होता, तेव्हा संघ आता पूर्वीचा राहिला नाही असं समितीला वाटलं. मग ते संत्र्याच्या सामन्यात जॉर्जियाशी खेळले आणि ६३-३ असे हरले. भाच्याचं म्हणणं, समिती बरोबर ठरली. आमचं म्हणणं, ज्यांचं मन आधीच मोडलं ते आणखी काय खेळणार? पुढच्या वर्षापासून तिथेही चारचे बारा संघ झाले.

आम्हाला विचाराल तर कोशंट कितीही आंधळा असो, तो पहिला चेंडू पडायच्या आधी कागदावर असतो. राजकोटला उतरताना केरळलाही ठाऊक होतं की आपल्याला काय करायचं आहे. समितीला काय वाटेल हे कोणाला ठाऊक असणार? सरकारी कामात सेवाज्येष्ठतेची यादी आणि 'योग्यता पाहून' या दोन शब्दांतला फरक इथे बसलेल्या बऱ्याच जणांना मी नव्याने सांगायला नको.

पण पहिल्या डावाच्या आघाडीबद्दल आमचं एकमत कधीच झालेलं नाही. १९९९ मध्ये याच बंगळुरूत मध्य प्रदेश अंतिम सामना खेळला, कर्णधार हेच चंद्रकांत पंडित. पहिल्या डावात आघाडी आपली होती. सामना नुसता वाचवला असता तरी करंडक आपला. शेवटच्या दिवशी डाव कोसळला आणि कर्नाटक ९६ धावांनी जिंकलं. पंडितांना ते उट्टं काढायला तेवीस वर्षं लागली, आणि मधल्या काळात त्यांनी विदर्भाला लागोपाठ दोनदा, २०१७-१८ आणि २०१८-१९ ला, विजेता केलं. पहिला करंडक विदर्भाने उचलला तो आपल्या इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. दोन्ही घरांना करंडक देणारा माणूस एकच, त्यामुळे पंडितांच्या बाबतीत टपरीवर भांडण होत नाही.

मार्च २०२४ ला मात्र घरातच लढाई जुंपली. उपांत्य सामना, विदर्भ विरुद्ध मध्य प्रदेश, जामठ्याच्या मैदानावर. पहिल्या दिवशी विदर्भ १७० वर गारद. रविवारी पहाटे आम्ही एका गाडीत पाच जण तुमसर, भंडारा करत नागपूरला पोहोचलो. हिमांशू मंत्रीचं शतक डोळ्यांनी पाहिलं, २५२ झाल्या, ८२ ची आघाडी. परत येताना विदर्भवाला गप्प, आम्ही गाणी म्हणत. नुसता अनिर्णित राहिला तरी अंतिम फेरी आपली, असा हिशेब गोंदिया फाट्यापर्यंत दहा वेळा मांडून झाला.

यश राठोडने १४१ काढल्या तेव्हा तो हिशेब बिघडला. लक्ष्य ३२१. चौथ्या दिवसअखेर आपण ६ बाद २२८, हव्यात ९३. बुधवारी सकाळी कार्यालयात फोन टेबलाखाली धरून बसलो होतो. तीस धावांत चार गडी गेले. ६२ धावांनी विदर्भ. दुपारी टपरीवर आमच्या मित्राने सगळ्यांचे चहाचे पैसे दिले आणि एक अक्षर बोलला नाही. त्याचाच जास्त राग आला.

पुढच्या वर्षी नियती आमच्या मदतीला आली. विदर्भ अंतिम सामन्यात, समोर तोच केरळ. हा केरळ तिथवर कसा आला होता? जम्मू-काश्मीरविरुद्ध पहिल्या डावात १ धावेची आघाडी, गुजरातविरुद्ध २ धावांची. ती दोन धावांची आघाडीसुद्धा अशी, की गुजरातच्या शेवटच्या फलंदाजाचा फटका जवळ उभ्या असलेल्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि सचिन बेबीने झेलला. नागपूरला विदर्भ ३७९, केरळ ३४२. सामना अनिर्णित, करंडक ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाचा. केरळ अख्ख्या हंगामात एकदाही हरला नाही आणि उपविजेता राहिला.

"आता सांग," आम्ही मित्राला म्हटलं, "न हरलेला संघ हरला कसा?"

तो म्हणाला, "आघाडीवर दोनदा पुढे गेलेल्याने आघाडीवर रडू नये."

"आणि २०२२ ला?"

तेव्हा तो थोडा थांबला. "तेव्हा रडायला हक्क होता त्यांचा," म्हणाला. चहाचे पैसे त्या दिवशी कोणी द्यायचे, यावर मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली.

प्रसादाची ताटं आलेली दिसतात, तेव्हा इथे थांबतो. ज्यांना केरळची बाजू मांडायची असेल त्यांनी उद्या संध्याकाळी टपरीवर यावं. गणपती बाप्पा मोरया.