डोंगरावरून दोन समुद्र : स्वागताध्यक्षीय भाषण

परतवाड्याचा घाट चढून आलेल्या भूगोलप्रेमी बंधुभगिनींनो,

चिखलदऱ्यात आपले मनःपूर्वक स्वागत. विषय दोन समुद्रांमधल्या प्रदेशाचा आणि परिषद अकराशे मीटर उंचीच्या पठारावर, हे कसे, असे अनेकांनी विचारले. येथे पडलेले पाणी उत्तरेला सिपनेतून आणि दक्षिणेला चंद्रभागा-पूर्णेतून तापीला मिळते व अरबी समुद्रात जाते. जिल्ह्याच्या पूर्व कडेची वर्धा मात्र गोदावरीच्या वाटेने बंगालचा उपसागर गाठते. इथल्या मूळ कोरकू बांधवांची भाषा मुंडा कुळातली. तिची भावंडे झारखंड-ओडिशात आहेत.

पण मला बोलायचे आहे ते इथल्या गाविलगड किल्ल्याविषयी. हा गड ज्यांच्याकडे होता त्या नागपूरकर भोसल्यांकडे 1751 पासून कटकही होते, म्हणजे मराठ्यांना पूर्वेचाही किनारा होता. 15 डिसेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने उत्तरेचा तट तोफांनी फोडून आमचा गड घेतला. किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि कटक-बालासोर इंग्रजांकडे गेले. मराठ्यांचा पूर्व समुद्र या डोंगरावर हातचा गेला! वेलस्लीने पुढे 1815 मध्ये वॉटर्लू जिंकले, जगाने त्याला डोक्यावर घेतले. बेनीसिंह आज किती जणांना ठाऊक आहे? उद्या गडाच्या दरवाजावर कोरलेला गंडभेरुंड पाहाल तेव्हा क्षणभर थांबून बेनीसिंहाचेही नाव घ्या, एवढी माझी विनंती आहे.

व्यवस्थेत उणिवा आहेत, त्यांची क्षमा मागतो. आंघोळीचे गरम पाणी बादलीनेच मिळेल. काही पाहुण्यांना एका खोलीत तिघे-चौघे राहावे लागेल. मोबाईलची रेंज सगळीकडे नाही. भोजनाला उशीर झाला तर राग स्वयंपाकघरातल्या भगिनींवर न काढता माझ्यावर काढावा. त्या पहाटे चारपासून भाकरी थापताहेत.

मोथ्याच्या गवळी बांधवांनी खवा दिला, परतवाडा-अचलपूरच्या व्यापाऱ्यांनी किराणा आणि मंडप दिला, गावकऱ्यांनी घरोघरच्या गाद्या-रजया आणून दिल्या. एका शिक्षकाने निवृत्तिवेतनातून रक्कम दिली आणि नाव घेऊ नका म्हणून बजावले. या सर्वांचे ऋण मी स्वागत समितीच्या वतीने जाहीर मानतो.

गडावर जाणाऱ्या गाड्या सकाळी सातला मंडपासमोरून सुटतील. वर वारा बोचरा असतो, स्वेटर-मफलर बरोबर ठेवावे.